गेल्या शनिवारची तारीख

धाकट्याला या सगळ्या खटाटोपातून काय मिळणार होतं, ते आधी मांडून टाकू, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की याची हाव मोठी होती. त्याला मिळणार होती ताईची हललेली मान. रविवारी जेवणं आटोपल्यावर ताई कॉम्प्युटरसमोर बसणार, त्याने आणलेली फ्लॉपी आत सरकवणार, पडद्यावरच्या यादीत फाइलपुढची तारीख बघणार आणि म्हणणार, "हं. वेळेत केलंस." जमेच्या बाजूला एक हुंकार आणि दोन शब्द. एवढ्यासाठी माणूस मशीनशी खोटं बोलला.

पण बाहेरच्याला जे दोन शब्द वाटतात त्यांचा त्या घरातला भाव वेगळा होता. धाकटा चाळिशीला टेकला तरी धाकटाच होता. अंगणातलं कुंपण त्याने निम्मं रंगवून ठेवलं होतं, ते निम्म्याचं निम्मंच राहिलं. शिकायला घेतलेली बासरी कपाटावर पडून होती. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम तो मन लावून करायचा, कारण काच अर्धी घासली तर गिऱ्हाईक लगेच परत येतं. घरच्या कामांना गिऱ्हाईक नसतं. असली तर ताई असते.

ताई रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत होती. तिथे बाटलीवर तारीख नसेल तर आतलं रक्त कुणाचं का असेना, सरळ मोरीत जातं. वीस वर्षं हे करून तिचा स्वभावच तसा झाला होता. लोणच्याच्या बरणीवर, औषधाच्या डबीवर, पडद्यांना इस्त्री केल्याची नोंद ठेवलेल्या चिठोऱ्यावरसुद्धा तारीख. तिचे यजमान, म्हणजे दाजी, गमतीने म्हणायचे की लग्नाच्या दिवशी हिने माझ्या सदऱ्याच्या आत चिठ्ठी लावली होती, उघडल्याची तारीख म्हणून.

काम होतं बाबांच्या आठवणी लिहून काढायचं. बाबा बंदरातल्या क्रेनवर होते. लांबलचक लोखंडी पायावरच्या त्या काचेच्या खोपट्यात दिवसभर मान पुढे काढून बसायचे, म्हणून धक्क्यावर त्यांना बगळा म्हणत. तेव्हाची कोळशाची भुकटी आता छातीतून हिशेब मागत होती. वीसेक मिनिटं बोलले की दम लागायचा. समोर टेप ठेवलेला त्यांना खपायचा नाही. मान न डोलावणाऱ्याशी काय बोलायचं, असा त्यांचा सवाल. वही काढली तर चौकशी चालल्यासारखं वाटतं म्हणून गप्प बसत. तेव्हा बहीणभावाने वाटणी केली: पाळीपाळीने एकेकाने जायचं, नुसतं ऐकायचं, आणि घरी येऊन आपापल्या कॉम्प्युटरवर उतरवायचं. एक प्रकरण ताईचं, एक धाकट्याचं. ताईची सगळी झाली. धाकट्याचं एक झालं होतं, तेही निम्मं.

दोघांकडे एकाच जातीचं मशीन होतं, दाजींनी हट्टाने घ्यायला लावलेलं. नवं होतं तेव्हा शेजारपाजारचे बघायला आले होते. त्यात सगळं होतं, फक्त आपलं स्वतःचं घड्याळ नव्हतं. बटण बंद केलं की ते काळवेळ विसरायचं, आणि पुन्हा चालू केलं की पहिला प्रश्न: आजची तारीख काय? दुसरा: वेळ किती? सांगाल ते निमूट मानायचं आणि त्या दिवशी जे जे लिहाल त्याच्यापुढे तीच तारीख ठोकायचं. काहीच न सांगता नुसतं बटण दाबून पुढे गेलात, तर कारखान्यात भरून दिलेली जन्मतारीख धरून चालायचं.

धाकटा अर्थातच नुसतं बटण दाबायचा. त्यामुळे त्याने आयुष्यात जे काही टाइप केलं, दुकानासाठी पत्र, घरमालकाला तक्रार, बाबांचं निम्मं प्रकरण, ते सगळं एकाच दिवशी झालेलं दिसायचं, आणि तो दिवस मशीन दुकानात यायच्याही बराच आधीचा. ताईने ती यादी बघून कपाळाला हात लावला. म्हणाली, एवढं एका दिवसात करणारा माणूस मग इतकी वर्षं झोपलाय कुठे? त्या दिवसापासून तिने नियम केला की तारीख घातल्याशिवाय बाबांच्या फाइलींना हात लावायचा नाही. नियमामागचं कारणही तिने फोनवर सविस्तर सांगितलं. दाजींच्या मित्राने एक प्रोग्रॅम करून दिला होता. तिच्या मशीनला फ्लॉपीच्या दोन खाचा होत्या. एकीत घरची फ्लॉपी, दुसरीत पाहुणी घालायची, आणि प्रोग्रॅम चालवला की तो दोन्हींकडची एकेका नावाची फाइल ताडून बघायचा. जिची तारीख नवी ती दोन्हीकडे ठेवायची, जुनी पुसायची. म्हणजे कोणी कुठेही लिहो, शेवटचं ते खरं.

हे सांगत होती तेव्हा धाकटा टीव्हीवर फुटबॉलचा सामना बघत होता. दर दोन वाक्यांनी "हो हो" म्हणत होता. त्यातलं "तारीख घाल" एवढं त्याच्या डोक्यात राहिलं. का, ते गोलपाशी वाहून गेलं.

सातवं प्रकरण त्याच्या वाट्याला आलं होतं, वादळाचं. ही गोष्ट घरात सगळ्यांना तोंडपाठ होती: मोठं वादळ आलं, बाकीचे क्रेनवाले उतरून पळाले, आणि बगळ्याने भर पावसात लटकणारा जहाजाचा बॉयलर एकट्याने धक्क्यावर अलगद ठेवला. ताईने सोय म्हणून त्याचा दीड पानाचा सांगाडा आपल्या फ्लॉपीवर करून ठेवला, त्याची प्रत धाकट्याला दिली आणि बजावलं की बाबांकडे जा, नीट ऐक, यात मांस भर, आणि अमुक रविवारी घेऊन ये.

धाकटा तीन आठवडे गेलाच नाही. एकदा पाऊस होता, एकदा दुकानात माल आला, एकदा काहीच नव्हतं. तो अमुक रविवार उजाडला तेव्हा त्याने सकाळीच ताईला फोन केला. नाक चोंदल्यासारखा आवाज काढून म्हणाला की सर्दी झालीय, येत नाही. ताईने विचारलं, प्रकरणाचं काय? त्याच्या तोंडून निघून गेलं, "झालंय की. कालच संपवलं." काल म्हणजे शनिवार. असं खोटं कोणी ठरवून बोलत नाही. समोरच्याच्या आवाजात थोडी आशा दिसली की ते आपोआप बाहेर पडतं. ताई म्हणाली, बरं, पुढच्या रविवारी आण, आणि वाफ घे.

आता शब्द अडकला होता. गुरुवारी तो दुकानातून थेट बाबांकडे गेला. वीस मिनिटांत उठायचं हे त्याला माहीत होतं, पण तीन आठवड्यांचं एका बैठकीत वसूल करायचं होतं, आणि बाबाही त्या दिवशी खुशीत होते. गॅलरीत खुर्च्या टाकून बसले. वारा होता. तासभर बोलले.

आणि जे बोलले ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. वादळात एकटे नव्हते ते. पावसाने खोपट्याची काच पांढरी झाली होती, खाली झेंडे दाखवणारा माणूस दिसेनासा झाला होता, बॉयलर साखळीला झोके घेत होता आणि त्याच्याखाली कोण आहे कोण नाही कळायला मार्ग नव्हता. समोर गोणपाट शिवायची गिरणी होती. तिच्या तिसऱ्या मजल्याची खिडकी बरोबर क्रेनच्या उंचीची. तिथे शिवणयंत्रावर बसणारी एक मुलगी त्यांना कित्येक महिने लांबून दिसायची. तोंड कधी नीट दिसलं नव्हतं. ती त्या दिवशी खिडकीच्या चौकटीत चढून उभी राहिली. तिच्या बाजूने खालचा धक्का दिसत होता. तिने दोन्ही हातांना पांढरं तागाचं कापड गुंडाळलं आणि खुणा करायला लागली: डावीकडे, थांब, खाली, हळू. बंदराच्या खुणा. दिवसभर खिडकीतून झेंडेवाल्याकडे बघून बघून शिकलेल्या. तिच्या हातांवर विसंबून त्यांनी बॉयलर टेकवला. शिडीवरून उतरले तर ती खाली भिजून उभी, आणि त्यांना एक वाक्य बोलली. ते वाक्यही बाबांनी सांगितलं. ती आई.

आईबाबांचं लग्न आत्याने जुळवलं अशी मुलांची समजूत होती, आणि आई आता विचारायला उरली नव्हती. बाबा म्हणाले, आत्याला तसं वाटू दिलं. तिला आनंद झाला, आमचं काम झालं.

धाकटा घरी आला तो वेगळाच माणूस होऊन. शुक्रवारी दुकानात सुट्टी टाकली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला बसून लिहावंसं वाटत होतं. पण मशीन चालू केलं आणि पहिला प्रश्न आला: आजची तारीख काय? खरी तारीख घातली तर रविवारी ताईला यादीत शुक्रवार दिसणार, आणि "कालच संपवलं"चं पितळ उघडं पडणार. त्याने क्षणभर विचार केला आणि गेल्या शनिवारची तारीख घातली. मशीनने मानली. मशीन सगळंच मानायचं.

मग दिवसभर लिहिलं. जेवायला उठला नाही. बारा पानं झाली, आणि ती चांगली होती. हे त्याचं नुसतं मत नव्हे. काचा घासणाऱ्याला आपलं काम कुठे स्वच्छ उतरलं ते कळतं. फाइल ताईने दिलेल्या फ्लॉपीवर ठेवली, ताईच्या सांगाड्याच्या जागी, त्याच नावाने. दुसऱ्या फ्लॉपीवर प्रत काढावी असं मनात आलं होतं, पण कोऱ्या फ्लॉप्यांचं खोकं वरच्या फळीवर होतं आणि स्टूल स्वयंपाकघरात.

एक गोष्ट त्याला माहीत नव्हती. ज्या रविवारी तो सर्दीचं सोंग घेऊन घरी बसला, त्या दुपारी ताईला काम उरलं नव्हतं. तिने सहज आपला सांगाडा उघडला, त्यात "पेटी" लिहिलं होतं तिथे "बॉयलर" केलं, आणि बंद केला. एका शब्दाची दुरुस्ती. तारीख अर्थातच बरोबर घातलेली: रविवार.

शनिवारी बाबांना कणकण आली, छाती भरली. डॉक्टरांनी येऊन सांगितलं की घाबरायचं कारण नाही, पण आठवडा-दोन आठवडे बोलणं बंद. एक शब्द नको.

रविवारी जेवणं झाली. बाबांच्या काळजीने सगळे जरा मंदच होते. ताई मशीनपुढे बसली, दोन्ही फ्लॉप्या घातल्या, प्रोग्रॅम चालवला. खरखर झाली, ओळी सरकल्या, काम संपलं. दाजींना ऐकवायचं म्हणून तिने सातवं प्रकरण उघडलं, आणि वाचायला तोंड उघडून तशीच थांबली.

"हे तर मीच लिहिलेलं आहे," ती म्हणाली.

धाकटा खुर्चीवरून उठून मागे आला. पडद्यावर दीड पान. बॉयलर, एकट्याने, अलगद.

"नाही, मी लिहिलंय. बारा पानं."

"कुठायत?"

"याच फ्लॉपीवर. शपथ."

"कधी लिहिलंस?"

"परवा. शुक्रवारी."

ताईने खुर्ची वळवली. ती चिडलेली नव्हती, बाटलीवरचा चुकीचा आकडा बघावा तशी बघत होती.

"मागच्या रविवारी तर म्हणालास, काल संपवलं."

इथे धाकट्याची पंचाईत बघा. बारा पानं नव्हतीच असं कबूल केलं तर तो नेहमीचा आळशी ठरणार. होती म्हणाला तर खोटारडा. आळशाची जागा उबदार होती, कित्येक वर्षांची बसकी झालेली. तो तिथे जाऊन बसलाही असता. पण त्या पानांत आई खिडकीत उभी होती.

दाजींनी मध्येच शांतपणे विचारलं, "मेहुणे, लिहिताना मशीनला तारीख कुठली सांगितलीत?"

"शनिवारची. गेल्या."

दाजींनी डोळे मिटले. ते प्रोग्रॅमचे जाणकार, त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. ताईलाही नाही. शनिवारची बारा पानं जुनी, रविवारचं दीड पान नवं. मशीनला आत काय लिहिलंय ते विचारायची मुभा नव्हती. त्याने शेवटचं ते खरं मानलं आणि धाकट्याची फाइल दोन्हीकडून पुसली. धाकट्याला मात्र हे सगळं सांगावं लागलं, टीव्ही बंद असताना, पहिल्यांदा.

ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "ताई, त्यात आई होती." आणि मग, फाइलीत होतं तसं नाही, अडखळत, उलटसुलट, त्याने खिडकीची गोष्ट सांगितली. आत्यापाशी आल्यावर ताई उठून स्वयंपाकघरात गेली. नळ बराच वेळ चालू राहिला. बाहेर आली तेव्हा एवढंच म्हणाली, "उद्यापासून पुन्हा लिही, आणि बाबांना वाचून दाखव. मी पण येते."

बाबांना बोलायला बंदी होती, ऐकायला नव्हती. धाकटा दिवसा जमेल तसं लिहायचा, संध्याकाळी दोघं जायची, आणि तो पलंगापाशी बसून वाचायचा. पहिल्याच संध्याकाळी "आभाळ फाटलं होतं" या वाक्याला बाबांचा हात पांघरुणातून बाहेर आला. तळवा खाली, सावकाश दाबल्यासारखा. धाकट्याला कळेना. ताईलाही नाही. बाबांनी पुन्हा केलं, चेहऱ्यावर वैताग. मग धाकट्याच्या लक्षात आलं की हा माणूस क्रेनवाल्याला माल खाली घ्यायला सांगतोय. त्याने आभाळ काढून टाकलं, "पाऊस जोरात होता" केलं. बाबांनी अंगठा दाखवला. चल पुढे.

तशाच प्रकरणभर खुणा झाल्या. बोट फिरवलं की वर घे, म्हणजे इथे अजून लिही. हात आडवा सरकला की बाजूला घे, हे इथलं नव्हे. मूठ म्हणजे थांब. ताई चारपाच संध्याकाळींत त्यात एवढी तरबेज झाली की धाकट्याने कुठे फुगवून लिहिलं तर बाबांच्या आधी तिचाच तळवा खाली जायचा. बाबा तेव्हा खोकल्याशिवाय जेवढं हसता येतं तेवढं हसायचे. ती मुलगी चौकटीवर कशी चढली, कापड कुठल्या हाताला आधी गुंडाळलं, गिरणीचा मुकादम मागून कसा ओरडत होता, सगळं हाताने बसवून घेतलं. पहिल्या खेपेची बारा पानं होती, ही चौदा झाली. धाकट्याला आत कुठेतरी वाटत होतं की पहिली जास्त धावती होती. पण तुलना करायला ती उरली नव्हती, आणि ताईला हे सांगायची सोय नव्हती.

राहिलं शिडीच्या पायथ्याचं वाक्य.

धाकट्याने शुक्रवारी ते जसंच्या तसं टाइप केलं होतं, आणि टाइप झाल्यावर निश्चिंतीने डोक्यातून उतरवलं होतं. वाक्य छोटं होतं. थोडी बंदराची भाषा, थोडं दरडावणं, आणि शब्द अशा काही क्रमाने की हसूही यावं आणि आणखी काहीतरी व्हावं. अर्थ त्याला पाठ होता. तो वाचून दाखवला. मूठ. दुसऱ्या तऱ्हेने सांगितला. मूठ. तिसऱ्या दिवशी आणखी दोन प्रकार करून नेले, बाबांनी ऐकून घेतले, हात उचललाच नाही, खिडकीकडे बघत राहिले. मग तळवा हलवला: जाऊ दे.

ताईने वाट बघितली. दोन आठवड्यांनी डॉक्टरांनी बोलायला परवानगी दिली, थोडं थोडं. त्या संध्याकाळी तिने चहाचा कप बाबांच्या हातात दिला, त्यांचे दोन घोट होऊ दिले आणि सरळ विचारलं, "आई काय म्हणाली होती?"

बाबा खूप दिवसांनी बोलत होते, आवाज चिरका आला. "ते धाकट्याला सांगितलं."

"त्याने हरवलं."

"माझ्याकडे आहे." मग समजुतीच्या सुरात, "तसली गोष्ट एकदाच सांगता येते गं. दुसऱ्यांदा सांगितली तर माझ्याकडेही राहायची नाही."

तिने आग्रह केला नाही. परत जाताना रस्त्यात धाकटा म्हणाला की ताई, साधारण असं होतं बघ, आणि सांगायला लागला. तिने चालता चालता हात वर करून मूठ वळली. म्हणाली, "साधारण नको."

सातवं प्रकरण फ्लॉपीवर गेलं, खऱ्या तारखेने. शिडीच्या पायथ्याशी येऊन ते संपतं, पुढे कोरी जागा. दाजींनी ती भरायचं सुचवलं होतं, पण ते कोणी मनावर घेतलं नाही म्हणून त्यांनी विषय सोडला.

तर या सगळ्याची किंमत म्हणून कोणी काय भरलं ते बघू. मशीनने काही नाही, ते सांगतील ती तारीख मानत राहिलं. बाबांनी एका संध्याकाळचा श्वास आणि दोन आठवड्यांचं मौन भरलं. पण जे राखायचं ते राखलं. धाकट्याने एक शुक्रवार भरला, त्याच्या आयुष्यातला सगळ्यात बरा. "वेळेत केलंस" त्याला काही मिळालं नाही. पण एका गुरुवारी, गॅलरीत, वाऱ्यात, आईचं वाक्य बाबांच्या तोंडून त्याने ऐकलं होतं, आणि विसरला असला तरी ऐकलेलं कोणी पुसू शकत नाही. बाकी सगळा तोटा, ते वाक्य कधीच न ऐकण्याचा, ताईच्या नावे पडला, जिने मशीनला एकदाही चुकीची तारीख सांगितली नव्हती.